विश्लेषण : भद्रावतीच्या रस्त्यावर रोजच्या वापराला स्पोर्ट्स कार? खर्च, कायदा आणि रस्ता काय सांगतो?

दोन दरवाजांच्या, बुटक्या आणि दमदार इंजिनच्या गाड्या एकेकाळी मुंबई-पुण्यातच दिसत. जुन्या गाड्यांच्या बाजारातून त्या आता लहान शहरांतही पोहोचू लागल्या आहेत. गाडी घेतली की पुढची पायरी ‘अपग्रेड’ची असते. मोठी चाके, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, इंजिनची ताकद वाढवणारे सॉफ्टवेअर असे बदल केले जातात. पण कोळसा खाणी, आयुध निर्माणी आणि ताडोबाचे जंगल यांच्यामध्ये वसलेल्या भद्रावतीत अशी गाडी रोज चालवायची तर प्रत्यक्षात काय होते? कोणते बदल कायद्यात बसतात? अपघात झालाच तर विमा कोणाला वाचवतो आणि कोणाला नाही? याचा हा आढावा.

स्पोर्ट्स कूपे म्हणजे नेमके काय?

दोन दरवाजे, मागे उतरत जाणारे छप्पर, नावापुरती मागची सीट आणि आकाराच्या मानाने मोठी ताकद, अशी कूपे गाडीची ढोबळ ओळख सांगता येईल. फोर्ड मस्टँग जीटी ही भारतात २०१६ मध्ये आलेली गाडी ५ लिटरच्या आठ सिलिंडर इंजिनची होती. तिची ताकद सुमारे ४०० हॉर्सपॉवर. बीएमडब्ल्यू एम२ ही तुलनेने लहान कूपे असली तरी तिची ताकद साडेचारशे हॉर्सपॉवरहून अधिक आहे. ऑडी टीटी, पोर्शे केमन ही याच कुळातली नावे. आपल्या रस्त्यांवर सर्वाधिक दिसणाऱ्या १२०० सीसीच्या छोट्या मोटारीची ताकद ८० ते ९० हॉर्सपॉवर असते. म्हणजे फरक चार-पाच पटींचा आहे. रस्ता, गुरे, ट्रक आणि चालकाचे डोळे मात्र दोन्ही गाड्यांसाठी तेच राहतात. पुढच्या सगळ्या प्रश्नांचे मूळ इथे आहे.

नव्या गाडीच्या किमतीत कर किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची नवी रचना लागू झाली. लहान मोटारींवरील कर १८ टक्क्यांवर आला. मोठ्या आणि आलिशान मोटारींवरील उपकर रद्द होऊन सरसकट ४० टक्के दर आला. स्पोर्ट्स कूपे या दुसऱ्या गटात येते. शोरूममध्ये १ कोटी रुपये किंमत असलेल्या गाडीत सुमारे साडेअठ्ठावीस लाख रुपये हा एवढा एक कर असतो. त्यानंतर महाराष्ट्राचा मोटार वाहन कर. २० लाखांहून महाग पेट्रोल गाडीवर व्यक्तीच्या नावाने नोंदणी असेल तर १३ टक्के. म्हणजे आणखी १३ लाख. या कराची कमाल मर्यादा राज्याने २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख रुपये केली.

पूर्ण तयार स्थितीत आयात होणाऱ्या गाडीवर सीमाशुल्क वेगळे. ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येच्या मर्यादेत हे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे. त्यामुळे पुढील काही वर्षांत अशा काही गाड्यांच्या नव्या किमती उतरू शकतात आणि त्याचा दाब जुन्या गाड्यांच्या किमतींवरही येईल. आज मोठ्या कर्जावर जुनी आलिशान गाडी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवे. हप्ते तेच राहतील, गाडीची बाजारातली किंमत तशी राहीलच असे नाही.

जुनी गाडी स्वस्तात मिळते, मग अडचण कुठे येते?

अडचण बहुतेक वेळा कागदांत येते. दिल्ली, हरियाणा किंवा कर्नाटकातील गाडी चंद्रपूरच्या आरटीओकडे एमएच-३४ क्रमांकावर आणायची असेल तर मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते. कर्ज शिल्लक असेल तर बँकेचा बोजा उतरवणारा फॉर्म ३५ लागतो. मालकी हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. दुसऱ्या राज्यातील गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल तर नवी नोंदणी बंधनकारक आहे आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. मूळ राज्याने घेतलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो स्वतः पाठपुरावा करून. ‘दहा लाख स्वस्त’ वाटणारी परराज्यातली गाडी कर भरल्यावर तेवढी स्वस्त राहत नाही.

नोंदणी हा केवळ कागदी सोपस्कार नाही, हे पुण्यातील घटनेने दाखवले. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे टायकन या इलेक्ट्रिक गाडीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. गाडी चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता. ही कोट्यवधींची गाडी कायमस्वरूपी नोंदणीशिवाय रस्त्यावर होती. अवघे १,७५८ रुपये शुल्क न भरल्याने मार्चपासून तिची नोंदणी रखडली होती, असे परिवहन विभागाने तेव्हा सांगितले. गाडीच्या ताकदीवर खर्च झाला होता, पण रस्त्यावर येण्याची पहिली अटच पाळली गेली नव्हती.

भद्रावतीच्या रस्त्यांवर ही गाडी चालेल का?

चालेल, पण जपून. वरोरा ते चंद्रपूर हा भद्रावतीवरून जाणारा रस्ता चौपदरी आहे. त्यामुळे कागदावर तो वेगाचा रस्ता वाटतो. प्रत्यक्षात या पट्ट्यात कोळशाचे ट्रक आहेत, दुभाजकातून आडवे येणारे ट्रॅक्टर आहेत, पाळी संपवून घरी निघालेले खाण कामगार दुचाकीवर आहेत. उलट्या दिशेने येणारे वाहन आणि मागचा दिवा न लावता कडेला उभा राहिलेला ट्रक हेही इथल्या रोजच्या वाहतुकीचा भाग आहेत.

दुसरा मुद्दा जमिनीपासूनच्या उंचीचा. स्पोर्ट्स कूपेचा तळ साधारणपणे १२० ते १४० मिलिमीटर उंचीवर असतो. सामान्य छोट्या मोटारीचा १६५ ते १७० मिलिमीटर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर चढ-उताराचा असायला हवा. अशा गतिरोधकावरून कूपेही हळू वेगात सुटते. पण गावोगावी डांबराचा अरुंद, टोकदार उंचवटा घातलेला असतो. त्यावर पुढची चाके उतरलेली आणि मागची चढायची असतात, तेव्हा गाडीचा पोटाकडचा भाग घासतो. ‘लोअरिंग’ करून, म्हणजे स्प्रिंग बदलून गाडी आणखी खाली आणणे हा लोकप्रिय बदल आहे. इथल्या रस्त्यांवर तो स्वतःच्याच गाडीचे नुकसान करणारा ठरतो.

तिसरा मुद्दा टायरचा. २४५/३५ आर १९ मापाच्या टायरची बाजूची भिंत जेमतेम ८६ मिलिमीटर असते. १८५/६५ आर १५ या नेहमीच्या टायरची ती १२० मिलिमीटर असते. ही भिंत म्हणजे खड्ड्याचा दणका झेलणारी उशी. ती पातळ असली की दणका थेट रिमला बसतो. अनेक स्पोर्ट्स गाड्यांत स्टेपनीही नसते, फक्त पंक्चर भरायचा द्रव आणि पंप असतो. टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. मग गाडी उचलून न्यावी लागते आणि महागड्या कंपन्यांच्या सेवाकेंद्रांसाठी भरवशाचे जवळचे मोठे शहर म्हणजे सुमारे सव्वाशे किलोमीटरवरचे नागपूर.

उन्हाळा, धूळ आणि पेट्रोलचा काय परिणाम होतो?

चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो. गरम हवा विरळ असते. टर्बो इंजिन ती दाबून आत घेते तेव्हा ती आणखी तापते. तापलेल्या मिश्रणाचा आपोआप स्फोट होऊ लागला तर इंजिनमध्ये ठोके बसतात. ते टाळण्यासाठी गाडीतला कंप्युटर ठिणगीची वेळ मागे सरकवतो आणि ताकद कमी करतो. कंपनीने इंजिन तयार करताना ताकदीत थोडी जागा राखलेली असते ती अशाच दिवसांसाठी. ‘स्टेज-१ रीमॅप’ नावाने विकले जाणारे सॉफ्टवेअर नेमकी हीच राखीव जागा वापरून ताकद वाढवते. थंड हवामानात ती चैन चालून जाईल. भद्रावतीच्या मे महिन्यात तिची किंमत पिस्टनला मोजावी लागू शकते.

धुळीचेही तसेच. उघड्या शंकूसारखा ‘परफॉर्मन्स’ एअर फिल्टर बसवला की इंजिनचा आवाज भारदस्त होतो. पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि त्यातले अनेक फिल्टर कंपनीच्या कागदी फिल्टरएवढी बारीक धूळ अडवत नाहीत. कोळशाच्या भुकटीच्या पट्ट्यात कंपनीचा बंद डब्यातला फिल्टर अधिक चांगला. फक्त तो पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीच्या आधी बदलावा लागतो.

पेट्रोलबाबत, देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल सर्रास मिळते. त्याचा ऑक्टेन ९५ च्या आसपास असल्याचे पेट्रोलियम मंत्रालय सांगते. ही ठोके टाळण्याच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. पण जुन्या, विशेषतः आयात केलेल्या अनेक गाड्या १० टक्के इथेनॉलपर्यंतच्याच पेट्रोलसाठी बनल्या आहेत. त्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांचा प्रश्न येतो. टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे, हे जुनी गाडी घेण्याआधी वाचून घ्यावे.

‘मॉडिफिकेशन’बद्दल कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरील तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. वाहनाच्या नमुन्याची चाचणी होऊन त्याला मान्यता मिळालेली असते, त्या मान्यतेच्या बाहेर जाणारा बदल चालणार नाही, असा त्याचा अर्थ. मान्यताप्राप्त सीएनजी किट, परवानगी घेऊन त्याच प्रकारचे इंजिन बसवणे, अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करणे अशा गोष्टींना नियमांत वाट आहे. रंग बदलता येतो, पण त्याची आरसीवर नोंद करावी लागते.

२०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा कडक झाल्या. कलम १८२-अ (४) नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि धुराची मर्यादा मोडल्यास कलम १९० (२) नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने परवाना रद्द. रस्त्यावर शर्यत लावल्यास कलम १८९ नुसार पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपये दंड. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला तर कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द.

या चौकटीत पाहिले तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे, सायलेन्सर पोकळ करणे आणि मोठे इंजिन किंवा टर्बो बसवणे स्पष्टपणे बेकायदा ठरते. ताकद आणि धूर बदलणारे रीमॅपही मंजूर नमुन्याच्या बाहेर जाते. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पकडले जात नाही एवढेच. त्याच मापाचे चांगले टायर, कंपनीच्या तपशिलात बसणारे ब्रेक पॅड, नवे शॉकअॅब्सॉर्बर यांना बदल म्हणत नाहीत. ती देखभाल झाली.

विम्यात खरी गोम कुठे आहे?

विम्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीचे नुकसान भरून देणारा एक आणि आपल्या गाडीमुळे इतरांना झालेली इजा भरून देणारा ‘थर्ड पार्टी’ हा दुसरा. दुसरा सक्तीचा आहे. त्याचे दर सरकार ठरवते, तेही इंजिनच्या सीसीवरून. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांत १५०० सीसीवरील सर्व खासगी मोटारींना वर्षाला ७,८९७ रुपये हा एकच दर होता. म्हणजे १६०० सीसीची कुटुंबाची सेडान आणि ५००० सीसीची मस्टँग यांचा हप्ता सारखाच. गाडी किती वेगाने धावू शकते, याचा इतरांच्या जिवाशी असलेला संबंध या दरात दिसत नाही.

स्वतःच्या गाडीच्या विम्यात मात्र कंपनी बारकाईने पाहते. वरून बसवलेली विद्युत उपकरणे आणि इतर साहित्य पॉलिसीत नोंदवून, जादा हप्ता भरून विमा घेता येतो. पण नोंद न केलेले आणि धोका वाढवणारे बदल सापडले तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. आजच्या गाड्यांचे कंप्युटर अपघाताआधीची बरीच माहिती साठवतात. त्यामुळे ‘सॉफ्टवेअर कोणाला दिसते’ या भरवशावर राहता येत नाही.

अपघातात दुसऱ्याचा जीव गेला तर न्यायाधिकरण अनेकदा विमा कंपनीला आधी पीडित कुटुंबाला पैसे द्यायला लावते आणि पॉलिसीच्या अटी मोडल्या असतील तर ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. कायदा पीडिताला वाचवतो, मालकाला वाचवेलच असे नाही. चालकाच्या कुटुंबाची स्थिती तर याहून कठीण होऊ शकते. कर्नाटकात २०१४ मध्ये बेदरकारपणे मोटार चालवताना एका चालकाचा मृत्यू झाला होता. त्याच्या कुटुंबाने ८० लाख रुपयांची भरपाई मागितली. चूक चालकाचीच असल्याने विमा कंपनीवर ही जबाबदारी येत नाही, हा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कायम ठेवला. हप्त्यावर घेतलेली गाडी, कमावता माणूस गेलेला आणि भरपाई नाही, अशी ही वेळ असते.

चांगले ब्रेक असले तर वेग सुरक्षित होतो का?

याचे उत्तर साध्या हिशेबात मिळते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाला साधारण दीड सेकंद लागतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे जाते. त्यानंतर चांगल्या स्थितीतली साधी मोटार आणखी सुमारे ३५ मीटरमध्ये थांबते. एकूण ६८ मीटर. उत्तम टायर आणि मोठे ब्रेक असलेली स्पोर्ट्स कार याच वेगात एकूण ५८ मीटरमध्ये थांबेल. अपग्रेडने दहा मीटर वाचवले. एखाद्या मुलाचा जीव वाचवायला तेवढे पुरतात.

आता हीच स्पोर्ट्स कार ताशी १३० ने चालली आहे असे समजू. दीड सेकंदात ५४ मीटर आणि नंतर ब्रेक लावून ६५ मीटर, एकूण ११९ मीटर. म्हणजे महागडे ब्रेक असूनही ती ८० च्या वेगातल्या साध्या मोटारीपेक्षा ५० मीटर पुढे जाऊन थांबते. ब्रेकने जे कमावले ते वेगाने पाचपटीने घालवले. रात्री लो-बीमचा प्रकाश साधारण ५० ते ६० मीटर पोहोचतो. म्हणजे ८० च्या वर गेलेली कोणतीही गाडी, कितीही किमतीची असो, समोरच्या वाहनामुळे दिवा खाली घ्यावा लागला की स्वतःच्या उजेडापलीकडे धावत असते.

भद्रावती परिसरात त्या उजेडापलीकडे काय असू शकते, हे वेगळे सांगायला नको. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभा आणि बफर मिळून क्षेत्र सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे आणि जिल्ह्यात वाघ प्रकल्पाच्या सीमेबाहेरही फिरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा भागातील रस्त्यावर मोटारीच्या धडकेने जखमी झालेला वाघ नंतर मरण पावला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बोर प्रकल्पातील ‘बाजीराव’ वाघ वाहनाच्या धडकेत गेला. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचजवळ प्राण्यांसाठी रस्त्याखालून ९ मार्ग बांधले गेले. सगळीकडे तशी सोय नाही. रानडुक्कर किंवा रोही आडवे आले तर बुटक्या गाडीत धोका आणखी वाढतो. धडकेने उडालेला प्राणी थेट काचेवर येऊ शकतो.

केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात महाराष्ट्रातील १५,२२४ होते. देशातील या मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगामुळे झाल्याची नोंद आहे.

मग वेगाची हौस भागवायची कुठे?

कायद्याच्या चौकटीत सर्वाधिक वेग मिळतो तो समृद्धी महामार्गावर. तिथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला आणि भद्रावतीहून त्याचे नागपूरचे टोक दोन-अडीच तासांवर आहे. पण तिथेही झिजलेले टायर, एकसुरी रस्त्यावर लागणारी डुलकी आणि उष्णता यांनी बळी घेतले आहेत. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बसला झालेल्या अपघातात २५ प्रवासी गेले.

१२० च्या पुढचा वेग हवा असेल तर जागा एकच, बंद ट्रॅक. ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई आणि कोईम्बतूरचा कारी ट्रॅक ही देशातील ओळखीची ठिकाणे. विदर्भात असे काहीही नाही. शर्यतीचा शौक असलेल्या तरुणाला भद्रावतीहून हजार किलोमीटर जायचे किंवा रात्रीचा बायपास धरायचा, असे दोनच पर्याय उरतात. बहुतेक जण कोणता निवडतात, हे पोलीस ठाण्याच्या नोंदींना ठाऊक असते.

सरसकट बंदी हाच उपाय आहे का?

इथे दोन बाजू आहेत. बंदीच्या बाजूने सांगितले जाते की आरटीओत वाहन तपासणी बऱ्याच अंशी डोळ्यांनीच होते. अशा स्थितीत बदलांना मोकळीक दिली तर मंजुरीच्या नावाखाली काहीही रस्त्यावर येईल. हा आक्षेप पोकळ नाही.

दुसरी बाजू अशी की, बंदीने रीमॅप आणि सायलेन्सरचा धंदा थांबलेला नाही, तो गल्लीत गेला. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, तरी नवे बसतच राहिले. चोरून केलेल्या कामात ताकद वाढवली जाते, पण त्या प्रमाणात ब्रेक आणि टायर सुधारले का, हे कोणी तपासत नाही. जर्मनीत बदललेल्या सुट्या भागाला मान्यता असावी लागते किंवा अधिकृत तज्ज्ञाकडून गाडी तपासून कागदांवर नोंद करावी लागते. जपानमध्ये ठरावीक मुदतीने होणाऱ्या कडक तपासणीतून प्रत्येक गाडीला जावे लागते.

आपल्याकडे ही वाट अगदीच अनोळखी नाही. सीएनजी किट आणि जुन्या गाडीला इलेक्ट्रिक करणारे किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांकडून तपासून घेण्याची पद्धत आहे. तीच पद्धत ब्रेक, सस्पेन्शन आणि मर्यादित प्रमाणात इंजिनसाठी लागू करता येईल. मंजूर किट, मंजूर वर्कशॉप, आरसीवर नोंद आणि त्यानुसार विम्याचा हप्ता. थर्ड पार्टी विम्याच्या दरात सीसीबरोबर ताकदीचाही विचार झाला तर जास्त धोका आणणारा जास्त पैसे भरेल. मात्र त्याआधी यंत्राने होणारी वाहन तपासणी जिल्ह्यांपर्यंत पोहोचायला हवी. नाहीतर जर्मनीची पद्धत आपल्याकडे आणखी एक शिक्का होऊन बसेल.

आज गाडी घेणाऱ्याने काय करावे?

परराज्यातील गाडी असेल तर ना-हरकत, बोजा आणि कर यांचा हिशेब सौदा ठरवण्याआधी करावा. कंपनीच्या सेवाकेंद्रात गाडीचा कंप्युटर तपासून घ्यावा, म्हणजे आधीच्या मालकाने रीमॅप केले आहे का ते बऱ्याचदा कळते. कंपनीने मान्य केलेल्या मापांपैकी लहान रिम आणि जाड टायर निवडावेत. अपग्रेडसाठी ठेवलेले पैसे सर्वात आधी टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि हेडलाइटची पातळी नीट करण्यावर घालावेत. बसवलेली प्रत्येक वस्तू पॉलिसीत लिहून घ्यावी. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तो आलिशान, सुरक्षित मानल्या जाणाऱ्या गाडीत, आणि मागच्या सीटवरील दोघांनी पट्टे लावले नव्हते असे तपासात पुढे आले.

आपल्याकडे गाडीची चर्चा ती किती सेकंदांत शंभरचा वेग गाठते, यावरून होते. भद्रावतीच्या रस्त्यावर शंभरवरून ती किती मीटरमध्ये थांबते, हा आकडा जास्त कामाचा आहे. त्याची काळजी सर्वात आधी समोरून दुचाकीवर घरी येणाऱ्या कामगाराच्या कुटुंबाला असते.